आत्या म्हणते ते ख्रिस्ती नाहीत, आजी म्हणते मी नाही

पत्र : माझं वय २७. आमचं घर मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंटांतलं. माझा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला आहे. ज्याच्याशी माझं लग्न ठरतंय तो कॅथलिक आहे. माझी आत्या काही वर्षांपासून एका पेंटेकोस्टल मंडळीत जाते. तिचं म्हणणं, "ते मरियेला पूजतात, पोपला देव मानतात. ते ख्रिस्ती नाहीतच." इकडे त्याची आजी विचारते, "मुलगी ख्रिस्ती कधी होणार? बाप्तिस्मा घ्यावा लागेल ना तिला?" बाबा दोघींना वैतागलेत. ते म्हणतात, "सगळं एकच आहे, उगाच काथ्याकूट कशाला?" लग्नाआधी फादरांनी भेटायला बोलावलंय. मुलांबाबत काही वचन द्यावं लागतं असं ऐकलं. खरं कोणाचं मानू? मी धर्म बदलतेय का? — द्विधा

प्रिय द्विधा,

नाही, तू धर्म बदलत नाहीयेस. पंथही बदलत नाहीयेस, तुला स्वतःहून बदलावासा वाटला तर गोष्ट वेगळी. कॅथलिक माणसाशी लग्न करायला कॅथलिक व्हावं लागत नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

आत्या, आजी आणि बाबा, तिघंही चुकतायत. आत्या आणि आजी यांची चूक माहितीची आहे, ती दहा मिनिटांत दुरुस्त होईल. बाबांचं वाक्य ऐकायला सर्वांत समंजस वाटतं, पण संसारात तुला तेच जास्त छळेल. त्याकडे सावकाश येऊ.

आत्याचं म्हणणं घे. जगात साधारण १४० कोटी कॅथलिक आहेत, म्हणजे एकूण ख्रिस्ती लोकांपैकी निम्म्याच्या आसपास. अर्थात डोकी मोजून खरंखोटं ठरत नाही. मग मोजायचं कशाने? ख्रिस्ती जगाने स्वतःसाठी ठरवलेलं माप जुनं आहे. सन ३२५ मध्ये नायसियाला आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला धर्मपरिषदा भरल्या आणि तिथून जो मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, आला तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एक देव, येशूचा जन्म, क्रूसावरचं मरण आणि पुनरुत्थान सांगतो. तुझी मेथडिस्ट मंडळी तो मानते, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचं कॅथलिक चर्चही मानतं. येशू कोण, या प्रश्नाला दोन्ही घरं एकच उत्तर देतात. आत्या ज्या नव्या कराराच्या आधारे बोलते त्यातली नेमकी २७ पुस्तकं प्रथम एका यादीत दिसतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात. त्या काळी ना पेंटेकोस्टल होते, ना मेथडिस्ट. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स हे दोघेही ज्या अखंड चर्चला आपलं मूळ मानतात, त्याच चर्चने ही यादी जपली.

मग वेगळं कधी झालं? आजवर टिकलेल्या पहिल्या फुटी पाचव्या शतकातल्या. ४३१ ची इफिसची आणि ४५१ ची खाल्सेदोनची परिषद काहींना पटली नाही, त्यातून पूर्वेकडची असिरियन मंडळी आणि पुढे कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियाक या मंडळ्या वेगळ्या झाल्या. १०५४ मध्ये रोमच्या पोपच्या दूताने कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियात वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवलं, तिकडच्या सर्वोच्च बिशपने उलट बहिष्कार घातला, आणि पूर्वेचे ऑर्थोडॉक्स व पश्चिमेचे कॅथलिक असा दुरावा पक्का होत गेला. हे दोन्ही बहिष्कार मागे घ्यायला ७ डिसेंबर १९६५ उजाडावा लागला. म्हणजे 'कॅथलिक की ख्रिस्ती' हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडलाय. ख्रिस्ती हे कुळ आहे, कॅथलिक ही त्यातली सर्वांत मोठी शाखा, ऑर्थोडॉक्स दुसरी जुनी शाखा, आणि प्रॉटेस्टंट म्हणजे एक शाखा नाही, अनेक फांद्यांचा जुडगा.

तुझी फांदी कुठून निघाली हे माहीत असू दे, आत्यापुढे उपयोगी पडेल. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर नावाच्या जर्मन संन्यासी-प्राध्यापकाने विटेनबर्गला पापदंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. त्याला नवं चर्च काढायचं नव्हतं, असलेलं सुधारायचं होतं. पण वाद वाढत वाढत मूळ प्रश्नावर गेला : शेवटचा शब्द कुणाचा? ल्यूथर म्हणाला, शास्त्राचा. रोमचं उत्तर होतं, शास्त्र आहेच, पण ते परंपरेसह वाचायचं आणि त्याचा अर्थ बिशप आणि पोप यांनी सांगायचा. इंग्लंडचं रोमशी फाटलं ते वेगळ्याच कारणाने. आठव्या हेन्रीला आधीचा विवाह रद्द करून हवा होता, पोप तयार होईना, तेव्हा १५३४ च्या कायद्याने राजाच तिथल्या चर्चचा प्रमुख झाला. त्या अँग्लिकन चर्चचा पुरोहित जॉन वेस्ली. त्याने अठराव्या शतकात जी चळवळ उभारली ती पुढे मेथडिस्ट म्हणून वेगळी झाली. तो स्वतः मरेपर्यंत, म्हणजे १७९१ पर्यंत, अँग्लिकनच राहिला. आत्याचा पेंटेकोस्टल प्रवाह बहुतेक जण १९०६ च्या लॉस एंजेलिसमधल्या सभांपासून मोजतात, आणि त्याची मुळं वेस्लीच्याच अनुयायांमध्ये सापडतात. तेव्हा आत्या तुझ्याच फांदीवर जरा पुढे बसलीय. खाली खोड आहे हे तिला दिसत नाही, एवढंच.

याच वेस्लीने १७४९ मध्ये एका रोमन कॅथलिकाला उद्देशून जाहीर पत्र लिहिलं. दोघं काय काय सारखं मानतात ते त्यात त्याने मांडलं, आणि येशूच्या जन्माआधी व नंतरही मरिया कुमारीच राहिली, हेही स्पष्ट लिहिलं. आज कित्येक मेथडिस्टांना हे ठाऊक नसतं. तुझ्या पाळकांना विचारून बघ, गप्पा रंगतील.

मरियेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आत्याचा सगळा राग तिथे आहे. कॅथलिक शिकवणीत आराधना फक्त देवाची. मरिया आणि संत यांना मान द्यायचा आणि आपल्यासाठी प्रार्थना करा असं त्यांना विनवायचं, एवढंच. तू आजारी मैत्रिणीसाठी मंडळीला प्रार्थना करायला सांगतेस, तेव्हा कोणी म्हणत नाही की तू मंडळीची पूजा करतेस. रोझरीत, म्हणजे कॅथलिकांच्या जपमाळेत, पुन्हापुन्हा म्हटली जाणारी 'नमो मरिये' ही प्रार्थना बघ. तिचा पहिला अर्धा भाग म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायातलं गब्रीएल दूताचं अभिवादन आणि मरियेची नातलग अलीशिबा हिचे शब्द. 'आम्हां पाप्यांसाठी विनंती कर' हा दुसरा अर्धा नंतरचा. प्रॉटेस्टंटांची हरकत या दुसऱ्या अर्ध्याला असते, आणि ती हरकत प्रामाणिक आहे. स्वर्गवासी झालेल्यांकडे असं मागावं याला शास्त्रात आधार नाही, असं त्यांना वाटतं. शिवाय मरिया आईच्या पोटात आली त्या क्षणापासूनच मूळ पापापासून मुक्त होती (१८५४) आणि तिला सदेह स्वर्गात नेण्यात आलं (१९५०), या दोन गोष्टी पोपनी श्रद्धेचा बंधनकारक भाग म्हणून घोषित केल्या, त्या तर प्रॉटेस्टंटांना अजिबात मान्य नाहीत. मतभेद आहे आणि खरा आहे. पण त्यावरून समोरच्याला मूर्तिपूजक ठरवणं म्हणजे त्याचं म्हणणं ऐकून न घेणं. आणि तुझा होणारा नवरा खरोखर मरियेची पूजा करतो का, हे आत्याला सांगण्याआधी त्याला विचारून घे. लोक शिकवणीपेक्षा थोडं इकडेतिकडे वागतात, हे सगळ्याच मंडळ्यांत होतं.

पोपला देव मानतात, हे निव्वळ चूक. पोपही पापनिवेदनाला, म्हणजे आपल्या पापांची कबुली द्यायला, जातो. १८७० मध्ये पोपच्या प्रमादातीततेचा, म्हणजे त्याची चूक होऊ शकत नाही असा, सिद्धांत मंजूर झाला, तो श्रद्धा आणि नीती यांवर पोप अधिकृतपणे अंतिम निर्णय जाहीर करतो त्या प्रसंगापुरता आहे. त्यानंतर तो निर्विवादपणे वापरला गेला तो एकदाच, वर सांगितलेल्या १९५० च्या घोषणेत.

आता आजी. आजींना कोणी दुखवू नये, पण त्यांचंच चर्च त्यांना चूक ठरवतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्याबद्दल जो आदेश काढला त्यात स्वच्छ म्हटलंय की इतर मंडळ्यांत विधिवत बाप्तिस्मा घेतलेल्यांना ख्रिस्ती म्हणवून घेण्याचा हक्क आहे, आणि कॅथलिकांनी त्यांना भावंडं मानावं. पाणी वापरून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा रोम ग्राह्य धरतं आणि तो पुन्हा देत नाही. मेथडिस्ट बाप्तिस्मा त्यात बसतो. जिथे देवाबद्दलची समजूतच फार वेगळी आहे तिथे नकार मिळतो. मॉर्मन पंथाच्या लोकांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असं रोमने २००१ मध्ये जाहीर केलं. पण तो तुझा प्रश्न नाही. गंमत अशी की तान्हेपणीचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या मंडळ्या पेंटेकोस्टल आणि बाप्टिस्टांतच जास्त. उद्या नवरदेव आत्याच्या मंडळीत सामील व्हायला गेला तर पुन्हा बाप्तिस्मा घे असं बहुधा तिकडूनच सांगतील. आणि तुलाही.

पण म्हणून रोम तुझ्या मंडळीला आपल्या बरोबरीची मानतं असं समजू नकोस. ऑर्थोडॉक्सांना ते 'चर्च' म्हणतं, प्रॉटेस्टंटांना मात्र पूर्ण अर्थाने तसं म्हणत नाही, 'ख्रिस्ती समुदाय' म्हणतं, कारण त्यांच्याकडे प्रेषितांपासून अखंड चालत आलेला बिशपांचा वारसा उरलेला नाही असं त्याचं मत. २००० सालच्या एका दस्तऐवजात हे पुन्हा लिहिलं गेलं तेव्हा अनेक प्रॉटेस्टंट दुखावले. मला विचारशील तर दुखावण्यासारखंच होतं. दुसरीकडे, ज्या प्रश्नावर ल्यूथरने वाद पेटवला, की माणसाचं तारण कृपेने की कर्माने, त्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गला ल्यूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी एकत्र सही केली : तारण देवाच्या कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने. २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदेनेही त्यावर सही केली. म्हणजे तुझ्या आणि त्याच्या मंडळीचं या मुद्द्यावर लेखी एकमत आहे. दोन्ही घरांत ही बातमी पोचलेली नसावी.

राहिले बाबा. 'सगळं एकच' म्हणायला बरं वाटतं, आणि लग्नाच्या बैठकीत ते वाक्य तापलेलं वातावरण थंडही करतं. पण तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या बायबलात ७३ पुस्तकं असतील, तुझ्या बायबलात ६६. त्याच्याकडे संस्कार, म्हणजे मुख्य पवित्र विधी, सात, तुझ्याकडे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच. तुझ्याकडे स्त्री पाळक होऊ शकते, त्याच्याकडे नाही. एवढ्यावर संसाराचं काही अडत नाही. अडू शकतं ते वेगळ्या ठिकाणी. कॅथलिक शिकवण कृत्रिम संततिनियमनाला परवानगी देत नाही, पोप पॉल सहावे यांनी १९६८ मध्ये ते ठामपणे सांगितलं. मेथडिस्ट हा निर्णय जोडप्यावर सोडतात. विवाह मोडला तर कॅथलिक चर्च नागरी घटस्फोटावर दुसरं लग्न लावत नाही, पहिला विवाह मुळात अवैध होता हे चर्चच्या न्यायालयात ठरावं लागतं. तो या दोन्ही बाबतींत चर्चचं किती ऐकतो हे तुला आजच कळलं पाहिजे. उत्तर काहीही असो, लग्नानंतरच्या सहाव्या महिन्यात कळण्यापेक्षा बरं.

आणि मग वेदीपुढची रांग. सर्वांत दुखेल ते हेच, म्हणून इथे थांबते. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, एक क्षण येतो : लोक बाकांतून उठून पुढे जातात, आणि तू बसून राहतेस. दर रविवारी. तो जातो, तू जात नाहीस. कॅथलिक श्रद्धेनुसार त्या क्षणी भाकर आणि द्राक्षारस दिसायला तसेच राहतात पण खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, आणि ते एकत्र घेणं म्हणजे पूर्ण ऐक्याची कबुली. ते ऐक्य अजून झालेलं नाही, म्हणून कम्युनियन, म्हणजे ही भाकर घेणं, एरवी फक्त कॅथलिकांना. चर्चच्या कायद्यात अपवाद आहेत, मरणाचं संकट किंवा बिशपांनी ठरवलेली तशीच गंभीर गरज, पण तेही कडक अटींवर. उलट बाजूने, तुझी मंडळी त्याला प्रभुभोजनाला आनंदाने बोलावेल, पण त्याच्या चर्चचा नियम त्याला ते घेऊ देत नाही. हा तुटकपणा फक्त कॅथलिकांच्या हट्टाचा आहे असंही नाही. १५२९ मध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झुरिकचा झ्विंग्ली, दोघेही रोमविरोधी, एकी करायला बसले. झ्विंग्ली म्हणत होता, भाकर हे फक्त प्रतीक. ल्यूथरने टेबलावर खडूने 'हे माझे शरीर आहे' हे येशूचे शब्द लिहून ठेवले होते, आणि शेवटपर्यंत तो त्या शब्दांवरून हलला नाही. १५ पैकी १४ कलमांवर एकमत झालं, पंधरावं प्रभुभोजनाचं होतं, तिथे तुटलं. त्या तुटण्याने प्रॉटेस्टंट दोन झाले.

तुझ्यासारख्याच एका बाईने, ल्यूथरन बायको आणि कॅथलिक नवरा, २०१५ मध्ये रोममधल्या ल्यूथरन चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांना नेमकं हेच विचारलं होतं. त्यांनी परवानगी दिली नाही आणि मनाईही केली नाही. प्रभूशी बोला आणि पुढे चला, याहून जास्त बोलायचं धाडस मी करत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. नियम त्यामुळे बदलला नाही. पण ज्यांच्या हाती नियम आहे त्यांनाही ही कळ ठाऊक आहे, एवढं त्यातून समजतं.

म्हणून एक सरळ सल्ला : लग्नविधी मिस्साशिवाय लावा असं फादरांना सांग. बाप्तिस्मा झालेल्या बिगरकॅथलिकाशी लग्न असेल तर तसाच विधी ठरवलेला आहे, त्यात कमीपणा काही नाही. वाचनं, वचनं, आशीर्वाद सगळं होतं. फक्त लग्नाच्या दिवशीच अर्धे पाहुणे उठले आणि तुझ्यासह अर्धे बसून राहिले, असं होत नाही. तुझ्या पाळकांना वाचन किंवा प्रार्थना करायला बोलावता येतं. हे लग्न तुझ्याच चर्चमध्ये व्हावं असं वाटत असेल तर बिशपकडून त्याचीही सूट मागता येते. मात्र आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे असे वचनांचे दोन विधी त्याचं चर्च चालवून घेत नाही, त्यामुळे दोन्ही घरांना खूश ठेवायला तसला बेत आखू नकोस.

आता वचनाचं. वचन तो देणार आहे, तू नाही. आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा देऊन तसं वाढवण्यासाठी जमेल ते सगळं करीन, असं तो म्हणेल. त्यावर बिशप मिश्रविवाहाची परवानगी देतात. तुला या वचनाची कल्पना देणं बंधनकारक आहे, तुझी सही नाही. १९७० च्या आधी दोघांनाही लिहून द्यावं लागायचं. पोप पॉल सहावे यांनी ते बदललं. आजींच्या पिढीने ते जुने नियम पाहिलेत, त्यांची धास्ती तिथून आलेली असू शकते.

पण 'माझी सही नाही' म्हणून निश्चिंत होऊ नकोस. 'जमेल ते' या दोन शब्दांत तुमचं अर्धं भांडण लपलंय. मुलाला रविवारी कुठे न्यायचं, पहिलं कम्युनियन घेताना तू कुठे उभी असशील, तुझ्या मंडळीतल्या बायबलवर्गाला ते जाईल का, हे सगळं फादरांच्या खोलीत जाण्याआधी तुम्ही दोघांनी बोलून घ्या. तुला मुलं मेथडिस्टच वाढवायची असतील तर ते त्याला आत्ताच सांग, कारण तुझं मन माहीत असताना तो ते वचन प्रामाणिकपणे कसं देणार हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे, आणि तो त्याला न सांगता सोडवता येणार नाही. मला स्वतःला असं वाटतं की मुलांनी एका मंडळीत रुजावं आणि दुसरीत मोकळेपणाने ये-जा करावी. दोन्हीकडे अर्धं अर्धं ठेवलेली मुलं बहुतेकदा कुठेच जात नाहीत. पण हे मत आहे, नियम नव्हे.

भेटीला जाताना तुझ्या मंडळीच्या नोंदवहीतून बाप्तिस्म्याचा दाखला काढून ने. पाळकांना तो नव्याने लिहून द्यायला थोडे दिवस लागू शकतात, तेव्हा याच आठवड्यात सांगून ठेव. फादरांनी तो पाहिला आणि फाइलला लावला की त्याची एक प्रत आजींना दाखव. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना त्यांच्याच फादरांकडून मिळू दे. आत्याशी वाद घालायचा असेल तर वेस्लीच्या पत्रापासून सुरुवात कर, आणि लग्नाआधी नको, नंतर कर.